ताईवर झालेला प्रयोग

माझी नणंद पातूरजवळच्या एका खेड्यात फुलं पिकवते. शेवंती, झेंडू, निशिगंध आणि कडेकडेने थोडा गुलाब. नवरा गेल्यावर लोकांनी तिला मळा विकायचा सल्ला दिला होता, तेव्हा तिने दोन विहिरींपैकी एकीचा गाळ काढायला घेतला आणि विषय संपवला. आता मुलगा हाताशी आला आहे, तोच अकोल्याच्या बाजारात माल घेऊन जातो, पण व्यापाऱ्यांशी बोलायचं काम तिने अजून कोणाला दिलेलं नाही. मी तिला ताई म्हणते. ती मला मास्तरीण म्हणते, कारण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवते. "तुह्या मराठीत अन् माह्या मराठीत एवढं अंतर कावून व मास्तरीण?" असं तिने मला पहिल्याच दिवाळीत विचारलं होतं.

तिच्या मानेवर गाठ आली ती तिनेच शोधली. दुखत नव्हती, म्हणून तिने बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. मग रात्री अंगातून पाण्यासारखा घाम यायला लागला, वजन उतरलं, आणि मुलाने तिला जवळजवळ उचलूनच अकोल्याला नेलं. तपासणीत लिम्फोमा निघाला. लसिका ग्रंथींचा कॅन्सर, तोही झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा. केमो झाली, केस गेले, जिभेची चव गेली, आणि शेवटी गाठही गेली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. ती स्वतः मात्र म्हणाली, "थांबा जरा. तन उपटलं म्हंजे गेलंच असं नसते."

वर्ष पुरं व्हायच्या आत गाठ परत आली. या वेळी काखेत आणि पोटात. आणखी कडक औषधं दिली. गाठी थोड्या विरघळल्या आणि औषध चालू असतानाच पुन्हा फुगायला लागल्या. बोन मॅरो बदलायचा मोठा उपचार तिच्या थकलेल्या हृदयाला झेपणार नव्हता. अकोल्याचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी हात वर केले नाहीत, अमरावतीच्या एका रुग्णालयातल्या रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. अशी ताई राजापेठेतल्या आमच्या घरी राहायला आली आणि तिच्यासोबत दवाखान्यात जायचं काम माझ्याकडे आलं.

त्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. बारीक अंगाच्या, यवतमाळकडच्या. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले, मग खुर्ची टेबलामागून काढून ताईच्या समोर आणून ठेवली.

"ताई, नेहमीची जी औषधं आहेत ती दोनदा देऊन झाली. आजार त्यांना जुमानत नाही. तिसऱ्यांदा देता येतील, पण मला त्यातून फार आशा वाटत नाही. दुसरा एक रस्ता आहे. एका नव्या औषधाची चाचणी आपल्याकडे चालू आहे."

ताईने पदर सावरला. "म्हंजे माह्यावर प्रयोग करून पायता?"

सोबत आलेला तिचा मुलगा, माझा भाचा, जमिनीकडे पाहायला लागला. मला वाटलं, आता डॉक्टर म्हणणार, छे छे, प्रयोग कसला, घाबरू नका.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "प्रयोगच आहे. हे औषध काही लोकांना लागू पडलं आहे, काहींना नाही. तुम्हाला पडेल का, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर प्रयोग करावा लागला नसता."

ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. बाजारात कोणी माल न पाहता बोलायला लागला की ती त्याला अर्ध्यातच तोडते. इथे तिने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाली, "सांगा मंग. करते काय हे औषद?"

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले. "हे एक प्रथिन आहे, अँटिबॉडी. याला दोन हात आहेत असं समजा. एका हातानं ते कॅन्सरच्या पेशीला धरतं. दुसऱ्या हातानं तुमच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशीला धरतं. आणि दोघींना एकमेकींसमोर आणून उभं करतं. पुढचं काम तुमच्या पेशीचं."

"म्हंजे भांडन लावून देते."

"तसंच."

"अन् त्या भांडनात घरातली भांडीकुंडी फुटली तर?"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, खरी भीती तीच आहे. शरीर एकदम पेटून उठतं. ताप येतो, बीपी पडतं, श्वास लागतो, कधी माणसाला काही वेळ सुचेनासं होतं. बहुतेक वेळा ते आटोक्यात येतं. क्वचित येत नाही आणि माणूस दगावतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी आवाज न बदलता म्हटलं. मी तेव्हा त्यांच्यावर रागावले होते. आता वाटतं, ते वाक्य ताईच्या तोंडावर बोलायला केवढी हिंमत लागली असेल.

"मधातच सोडावं वाटलं तर?"

"सोडायचं. कारण सांगायचीही गरज नाही. मी तुमची डॉक्टर राहीनच."

भाच्याला हे पसंत नव्हतं. घरी येऊन तो म्हणाला, "माय, उंदरावर करतात तसं करून राहिले थे लोक तुह्यावर." ताईने त्याला जेवू दिलं, मग म्हणाली, "उंदराले कोनी इचारते का रे? मले दीड तास इचारलं त्यायनं."

संमतीच्या दिवशी व्हिडिओ काढतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. नियमच आहे म्हणे, माणसाला नीट समजावून सांगितलं आणि त्याने आपल्या मनाने हो म्हटलं, याचा पुरावा राहावा म्हणून. ताईने माझ्याकडून इस्त्री करून घेतलेली निळी साडी नेसली. डोक्यावर केमोनंतर नुकते उगवलेले बोटभर केस होते, त्यांना तेल लावलं. कॅमेऱ्यासमोर डॉक्टर पानं वाचत गेल्या आणि ती मधूनमधून थांबवत गेली. "हे पुन्हा सांगा." "रक्त किती घेसान?" "माह्या रक्ताचं पुढं काय करसान?" शेवटी सही करून तिने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी कोनाच्या दबावात नाई. मले जगावं वाटते, म्हनून करून राहिली." कॅमेरा धरणारी मुलगी डोळे पुसत होती, त्यामुळे चित्र जरा हललं असणार.

त्यानंतर बऱ्याच तपासण्या झाल्या. पुन्हा गाठीचा तुकडा काढला, पेट स्कॅन झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. या चाचणीत बसायला माणूस आजारी तर हवा, पण फार आजारी नको. ताई रोज विचारायची, "पास झाली का व मी?" निकालाचा फोन मी शाळेत वर्गावर असताना आला. मी मुलांना शुद्धलेखन घालून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहून तिला कळवलं. मग ती म्हणाली, "सातवीत पास झाल्यावर माह्या बापानं चप्पल आनली होती. तू काय आनतं?"

औषधाचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली द्यायचं होतं. पहिल्यांदा अगदी थोडं, पुढच्या आठवड्यात थोडं जास्त, आणि मग पुरतं. शरीराला सवय लागावी म्हणून. पहिल्या दिवशी ती इतकी सज्ज होऊन बसली होती आणि सुई इतक्या पटकन आत-बाहेर झाली की ती नर्सला म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी एवढं रामायन?"

त्याच वॉर्डात आम्हाला चाचा भेटले. अकोल्यात फळांचा ठोक व्यापार करणारे, सत्तरीकडे झुकलेले, पांढरीशुभ्र दाढी आणि अतिशय स्वच्छ टोपी. त्यांनाही तोच आजार, तोही दोनदा उलटलेला, आणि तेही त्याच चाचणीत. फुलांचा बाजार आणि फळांचा बाजार शेजारीशेजारी, त्यामुळे दोघांच्या अर्ध्या ओळखी सामाईक निघाल्या. पहिल्या इंजेक्शननंतर ताई मळ्यावर परतली होती, त्यामुळे दुसऱ्या इंजेक्शनपासून दोघं अकोल्याहून एकाच गाडीने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरायला लागले. मी त्यांना स्टेशनवरून आणायची. चाचा उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलत. ताईला ते 'आपा' म्हणत, म्हणजे मोठी बहीण, खरं तर ती त्यांच्याहून लहान.

"आपा, तुमारे पेट में भी भांडन चालू हुआ क्या?"

"अजून नाई. तुमचं?"

"हमारा तो शरीफ आदमी है. आवाज नहीं करता."

इंजेक्शननंतर डोकं ठिकाणावर आहे का, हे पाहायला नर्स एक छोटी परीक्षा घेई. हे कोणतं गाव, हा कोणता महिना, बोट दाखवते त्या वस्तूंची नावं सांगा, शंभरपासून दहा-दहा कमी करत मागे या, आणि एक वाक्य लिहून दाखवा. कोणतंही वाक्य. चाचा नेहमी उर्दूत अल्लाचे आभार लिहीत. ताईने पहिल्या दिवशी लिहिलं, 'माझी भावजय चांगली आहे पण चहात साखर कमी टाकते.' नर्सने ते मला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'भावजय अजून सुधारली नाही.' सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर माझ्या दहावीच्या मुलांपेक्षा गोल होतं.

पुरत्या डोसच्या वेळी तिला दाखल करून घेतलं. सकाळी इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून थेट तिकडे गेले तेव्हा ती पांघरुणाखाली थडथड उडत होती. पलंगाच्या दांड्या वाजत होत्या. ताप भरला होता, ओठ कोरडे पडले होते, बीपी उतरत चाललं होतं. डॉक्टर आल्या आणि त्यांनी सलाइन वाढवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. नर्सने वाकून विचारलं, "ताई, हे कोणतं गाव?"

ताईने डोळे उघडले. "अकोला," ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या पडल्या. चूक झाल्याचं तिला कळत होतं, पण बरोबर काय ते सापडत नव्हतं. नर्सने हातात पेन दिलं. तिने कागदावर एक रेघ ओढली, आणि ती रेघ खाली घसरत गेली.

मी तिच्या पायाशी उभी होते. या बाईला मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे होऊ शकतं म्हणून आपण त्यांना इथे ठेवलं. मला काय करायचं ते माहीत आहे. तुम्ही त्यांचा हात धरा." त्यांनी हे पेटणं शमवणारं औषध सुरू केलं, सोबत स्टिरॉइड दिलं, आणि खुर्ची ओढून तिथेच बसल्या. ओपीडीतून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं. संध्याकाळ होत आली तसा ताप उतरला. कापणं थांबलं. बीपी वर यायला लागलं. ताईने पाणी मागितलं आणि दोन घोट घेऊन म्हणाली, "अमरावती."

"काय?"

"गाव. अमरावती हाय हे. अंबादेवीचं." आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. काय झालं, किती झालं, पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता बरीच कमी असते, पण नसतेच असं नाही. इथे थांबायचं असेल तर थांबता येईल. भाचा म्हणाला, "माय, बस झालं आता." माझ्याही मनात तेच होतं.

ताईने हात काखेत घातला आणि चाचपलं. बराच वेळ चाचपत राहिली. "मास्तरीण, तू पाय बरं."

मी पाहिलं. आठवड्यापूर्वी तिथे लिंबाएवढी गाठ होती, टणक. आता ती बोटाखाली मऊ लागत होती, आणि लहान. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनीही तपासलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "स्कॅन होईपर्यंत मी काही बोलणार नाही." पण कानापर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पुढचं इंजेक्शन कधी हाय?" ताईने विचारलं. मग नर्सकडून कागद मागून घेतला आणि न सांगता वाक्य लिहिलं: 'काल मी भांडले.'

पुढच्या इंजेक्शनांना तिला जरा कणकण यायची, एवढंच. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. स्कॅनचा दिवस आला. चाचांचाही त्याच सुमारास होता. निकाल सांगायला डॉक्टरांनी दोघांना एकाच दिवशी, पण वेगवेगळं बोलावलं. ताईच्या पोटातल्या आणि काखेतल्या गाठी विझल्या होत्या. पडद्यावर आधी जिथे निखाऱ्यासारखं चमकत होतं, तिथे आता काही नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, आजार आत्ता दिसत नाही. 'बरा झाला' हा शब्द त्यांनी वापरला नाही आणि ताईनेही मागितला नाही. तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि थोडा वेळ तशीच बसली.

बाहेर आलो तर चाचा बाकावर बसले होते. त्यांच्या गाठी आधी लहान झाल्या होत्या, पण आता नव्या जागी वाढल्या होत्या. औषध बंद करायचं ठरलं होतं. ताईचा चेहरा एकदम पडला. आपल्या आनंदाचं काय करावं ते तिला समजेना. चाचांनीच विचारलं, "आपा, तुमारा?"

"साफ हाय म्हनतात," ती इतक्या हळू म्हणाली की मलाही जेमतेम ऐकू आलं.

चाचांनी दोन्ही तळवे वर करून तिच्यासाठी दुवा मागितली. नंतर पिशवीतून तीन संत्री काढली, एक तिला दिलं, एक मला. "मोर्शी का माल है, खा के देखो," ते म्हणाले. आम्ही तिघांनी तिथेच बाकावर संत्री सोलून खाल्ली.

चाचणी सुटली तरी शेवटची एक फेरी असते. रक्त घ्यायचं, आणि माणूस तयार असेल तर गाठीचा एक तुकडा. औषध का चाललं नाही हे त्यातून शोधता येतं. सक्ती नसते. चाचांचा मुलगा त्यांना परत आणायला राजी नव्हता. थकलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा सुया कशाला टोचायच्या, हे त्याचं म्हणणं मला तरी पटत होतं. पण चाचा आले. ताईच्या इंजेक्शनच्याच दिवशी, त्याच गाडीने, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टरांनी त्यांना दोनदा विचारलं की खरंच मनाने आलात का.

"डॉक्टर साहिबा," ते म्हणाले, "जिसपे चली उसका तो तुमको मालूम पड़ा. जिसपे नहीं चली, उसका भी मालूम होना ना. नहीं तो अगले आदमी को क्या बतायेंगे?"

त्यांनी चाचांच्या दंडाला स्वतःच पट्टा बांधला आणि रक्त स्वतःच घेतलं.

उन्हाळा संपायच्या आत चाचा गेले. दुसरी औषधं देऊन पाहिली होती, उपयोग झाला नाही. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेली. तिथे ती बायकांत बसली, आणि उठताना चाचांच्या बायकोला जवळ घेऊन फक्त म्हणाली, "लय मोठा मानूस होता." परतताना जठारपेठेतून जाताना मला म्हणाली, "मले वाटे, हिंमत म्हंजे इंजेक्शन घेनं. थे तर मी जगन्यासाठी घेतलं. त्यायनं थे शेवटचं टोचून कशासाठी घेतलं असन व?"

ताई आता मधूनमधून तपासणीला येते. मळा चालू आहे. औषध अजून चाचणीतच आहे आणि किती दिवस ही साफ राहील ते डॉक्टर सांगत नाहीत. ताई विचारतही नाही. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तिला विचारलं, एक बाई चाचणीत यायचं की नाही ठरवत आहेत, फार घाबरल्या आहेत, त्यांना कोणाशी तरी बोलायचं आहे, तुम्ही बोलाल का? ताई म्हणाली, "बोलीन. पन मी चांगलंच सांगीन असं नाई."

"म्हणूनच तुम्हाला विचारलं," डॉक्टर म्हणाल्या.

ती बाई दर्यापूरकडची, चाळिशीतली. बाहेरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ताई तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. ताप सांगितला, गाव विसरल्याचं सांगितलं, खाली घसरलेली रेघ सांगितली. गाठी गेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "माह्यासोबत एक चाचा होते. त्यायले नाई लागू पडलं. थे गेले. हेबी तुले ठाऊक पायजे."

बाईने पाय आणखी पोटाशी ओढले. मला वाटलं ताईने जरा जास्तच सांगितलं. मग त्या बाईने मान वर केली, ताईच्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "केस जातात का वो यानं?"

"नाई व," ताई म्हणाली, आणि पदर मागे सारून आपला बारीकसा अंबाडा तिच्याकडे वळवला. "हात लावून पाय."